वर बघायचं नाही

मैत्रिणीच्या एकसष्टीला मी दोन दिवस तिच्या गळ्याकडे बघत होते. तिने साडी कोणती नेसली होती हे आता फोटो पाहून सांगावं लागेल, पण तिच्या हनुवटीखालची कातडी घास गिळताना कशी हलते ते मला अजूनही डोळे मिटून दिसतं. ती हालचाल वर गेली की माझा श्वास थांबायचा, खाली आली की सुटायचा. असे दोन दिवस काढले.

आम्ही दोघी शनिवार पेठेजवळच्या एका शाळेत सव्वीस वर्षं शिकवत होतो. ती तिथलीच, पेठेत जन्मलेली. मी लग्न होऊन अकोल्याकडून आलेली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिने माझा डबा स्वतःच उघडला, वास घेतला आणि म्हणाली, "तिखट आहे म्हणजे चव आहे असं तुमच्याकडे समजतात वाटतं." आणि अर्धा डबा संपवला. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत आम्ही एकमेकींसमोर बसूनच जेवलो. तिला बोलत बोलत जेवायची सवय. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी तिला ठसका लागायचा, मग मी तिच्या डोक्यावर थापट्या मारत म्हणायचे, "वर बघ, वर बघ." ती लाल डोळ्यांनी छताकडे बघायची आणि श्वास परतला की तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करायची.

सहा महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. हात परत आला, पाय परत आला, बोलणं तर दुसऱ्याच दिवशी परत आलं आणि वॉर्डातल्या नर्सना त्याचा त्रास सुरू झाला. फक्त घशाची डावी बाजू परत आली नाही. गिळलेलं कधीकधी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरू लागलं. पाणी सगळ्यात वाईट, कारण ते धावतं. म्हणून तिच्या पाण्यात एक पावडर मिसळून ते खळीसारखं घट्ट करावं लागायचं. चहाचंही तेच. पहिल्यांदा तो चहा चमच्याने खाल्ल्यावर ती म्हणाली, "याने पतंग चिकटवता येतील."

तिचे यजमान आता नाहीत. एकुलती लेक बंगळूरला, आठवा महिना लागलेला, प्रवास बंद. त्यामुळे घशाचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे तिच्याबरोबर मीच जायचे. आमच्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी, पण शिस्तीची. तिने नियम सांगितले आणि मी ते एका कार्डावर लिहून घेतले, मास्तरणीच्या सवयीने लाल शाईत. चमचा लहान. हनुवटी छातीशी. मान डावीकडे. दोनदा गिळायचं. मग खाकरायचं. चार घासांनंतर 'आ' म्हणायला लावायचं, आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा वाटला तर जेवण थांबवायचं. तोंडात घास असताना बोलायचं नाही.

"आणि ठसका लागला तर?" मी विचारलं.

"तर हनुवटी खालीच ठेवून खोकू द्यायचं. पाणी नाही, डोक्यावर थापट्या नाहीत. आणि 'वर बघ' तर अजिबात म्हणायचं नाही. मान वर केली की श्वासनलिकेचं दार उघडं पडतं. सगळ्या घरांतून लोक नेमकं तेच करतात."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हसलो. सव्वीस वर्षं मी तिच्या श्वासनलिकेचं दार उघडत होते म्हणायचं. मी कार्डावर सगळ्यात खाली लिहिलं, 'वर बघायचं नाही', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

एकसष्टी शनिवारी येत होती. सोमवारी एक तपासणी ठरली होती, गिळताना क्ष-किरणांनी आतलं चित्र बघायची. अन्न श्वासनलिकेत जाताना दिसलं तर तोंडाने खाणं बंद, पोटात नळी. हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. रिक्षाने आम्ही वारज्याला तिच्या घरी परतलो. फाटकापाशी उतरताना ती म्हणाली, "सोमवारचं सोमवारी बघू. शनिवार-रविवार माझे आहेत. आपण बाहेर जेवायचं. चार वेळा."

मी नाही म्हणाले. वाद घातला. घरी मऊ भात करते म्हणाले, श्रीखंड आणते म्हणाले. शेवटी थेरपिस्टला फोन केला, ती तरी नाही म्हणेल म्हणून. ती म्हणाली, "तेच नियम पाळा. घाई नको, पातळ काही नको, आणि तुम्ही समोर बसा." मग लेकीचा फोन आला. "मावशी, तू बरोबर असशील तरच मी तिला हो म्हणते." मी असेन म्हणाले. मी मुळात घाबरट बाई आहे, लोकलज्जेखातर धीट वागते एवढंच. खरं सांगायचं तर मला तिचा रागही आला होता. ती चार जेवणं जेवणार आणि ती चार जेवणं माझ्या जिवावर.

शनिवारी सकाळी आम्ही शाळेमागच्या त्या जुन्या उपाहारगृहात गेलो. पूर्वी पगाराच्या दिवशी जायचो तिथे. तिने शिरा मागवला. मी उठून गल्ल्यावरच्या मालकांकडे गेले आणि हळूच सांगितलं, की जरा मऊ द्या, तब्येतीचं कारण आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई, आमच्याकडे शिरा मऊच असतो. कडक हवा असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं."

मी परत येईपर्यंत बशी आली होती. मी बेदाणे आणि काजू वेचून बाजूला काढले. तिने पहिला चमचा तोंडात घेतला, हनुवटी खाली केली, मान डावीकडे वळवली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटलं ती त्याच्याकडे बघतेय, तो अवघडून सरकला. एकदा गिळलं, दुसऱ्यांदा गिळलं, खाकरली. चार चमच्यांनंतर मी म्हणाले, "आ म्हण."

"इथे?"

"इथे."

"आ," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. शेजारच्या माणसाने चहा अर्धा टाकून टेबल बदललं. अर्ध्या वाटीएवढा शिरा संपायला चाळीस मिनिटं लागली, पण ठसका लागला नाही. बाहेर आल्यावर मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

दुपारी थाळी. ही मात्र माझ्याच परीक्षेची वेळ होती, कारण थाळीच्या जागी माणसाला जेवू देत नाहीत, वाढत राहतात. मी आधीच सांगून ठेवलं होतं की फक्त वरण-भात आणि श्रीखंड. भात मी वाटीत घोटून घोटून एकजीव केला. पण वाढपी काकांना कुठून तरी वाढदिवसाचं कळलं होतं आणि ते दर दोन मिनिटांनी येऊन उभे राहायचे. "पुरी घ्या ताई. आजच्या दिवशी नाही म्हणू नये." तिच्या तोंडात घास. तिने उत्तर द्यायला मान वर केली. मी तिच्या पानावर हात आडवा धरला आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "त्यांना नको आहे. त्यांना काहीही नको आहे."

काका गेले. तिने दोनदा गिळलं, खाकरली आणि मग म्हणाली, "मी गिळू शकत नाही. मुकी झालेले नाही."

"मला माहितेय."

"नाही, तुला माहीत नाही. तू सकाळपासून माझा चेहरा बघितलेला नाहीस."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तिने पुढचा चमचा उचलला आणि माझी नजर परत खाली घसरली.

संध्याकाळची जागा तिच्या लेकीने बंगळूरहून ठरवली होती, वारज्याच्या पलीकडे हमरस्त्यालगत, गच्चीवर, दिवे लावलेली. फोनवरून तिनेच जाडसर सूप सांगून ठेवलं होतं. सूप गाळलेलं आणि घट्ट होतं, मी आधी चमच्याने उलटसुलट करून बघितलं. सगळं नीट चाललं होतं. आवाज कोरडा. आणि मग आतून टाळ्या वाजवत पाच-सहा जण आले, पुढे एक केक, त्यावर फुलबाजीसारखं काहीतरी तडतडत होतं. लेकीने आईला आश्चर्याचा धक्का म्हणून सांगितलं असणार. तिने बिचारीने केक नुसता कापायला सांगितला असेल. पण आपल्याकडे केक कापून थांबत नाहीत, भरवतात. त्या घोळक्यातल्या एका मुलीने सुरी मैत्रिणीच्या हातात दिली, सुरीवर आपला हात धरून केक कापला आणि मोठा तुकडा उचलून "मॅम, आ करा" म्हणत थेट तिच्या तोंडाशी नेला.

मी त्या मुलीचं मनगट पकडलं. किती जोरात ते मला कळलं नाही. केकचा तुकडा टेबलावर पडला, टाळ्या थांबल्या, आजूबाजूची टेबलं आमच्याकडे बघू लागली. ती मुलगी "सॉरी मॅम" म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला कारण सांगायचं होतं, पण मी टेबलावरचा केक गोळा करू लागले. शेवटी मैत्रीणच तिला म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही, बाळा. या बाईंना माझ्याबरोबर केक वाटून घ्यायचा नाहीये."

घरी जाताना गाडीत ती हसत होती. मी हसले नाही. तो तुकडा आणखी दोन बोटं पुढे गेला असता तर, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. स्पंजासारखा कोरडा केक, अख्खा तुकडा.

रविवारी दुपारचं शेवटचं जेवण तिने माझ्यासाठी निवडलं होतं. मी विश्रांतवाडीला राहते, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर एक वऱ्हाडी खानावळ आहे. चालवणारी बाई आमच्याच बाजूची. मैत्रीण दरवर्षी तिथे पाटवडी-रस्सा खायची आणि दरवर्षी तिखटाला नावं ठेवायची. मी बजावलं होतं, पाटवडी नाही, रस्सा नाही. फक्त पिठलं, घट्ट, आणि मऊ भात. माझ्यापुरता रस्सा घे, असा तिचाच आग्रह. "मला वास तरी येऊ दे."

पिठलं-भात छान चालला होता. ती आता सरावली होती आणि खरं तर मीही. चार चमचे झाले, तिने स्वतःहून 'आ' म्हटलं, कोरडा. तीन जेवणं पार पडली, चौथंही अर्ध्यावर आलं, असा हिशेब माझ्या मनात झाला आणि मी दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या पानाकडे बघितलं. भाकरी मोडली. वर बघते तर तिचा चमचा माझ्या वाटीत होता.

"एकच," ती म्हणाली. आणि मी हात पुढे करेपर्यंत रस्सा तिच्या तोंडात गेला होता.

तिने हनुवटी खाली केली होती, मान वळवली होती, सगळं बरोबर केलं होतं. पण तो पातळ आणि जाळ तिखट. आधी आवाज झालाच नाही. तिचे डोळे मोठे झाले, हात टेबलाच्या कडेला गेला, मग तो ठसका आला, खोल, आतून ओरबाडल्यासारखा. ग्लास पडला. खानावळीतली बाई धावत आली. "काय झालं वो ताई? पाणी देऊ का?"

मी उठले. कार्ड पर्समध्ये होतं. त्यावरचा प्रत्येक शब्द मला पाठ होता, माझ्याच अक्षरात होता. आणि मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तिच्या डोक्यावर थापट्या मारल्या आणि म्हणाले, "वर बघ. वर बघ."

तिची मान वर जाऊ लागली. सव्वीस वर्षांची सवय तिलाही होतीच. मग तिने माझं मनगट धरलं, आदल्या संध्याकाळी मी त्या मुलीचं धरलं होतं तसंच घट्ट, माझा हात डोक्यावरून खाली ओढला आणि हनुवटी छातीत खुपसली. खोकत राहिली. चेहरा काळानिळा झाला होता. मी तिच्या पाठीशी उभी होते, हात तिच्या मुठीत अडकलेला, आणि मला एवढंच कळत होतं की मी तिला मारते आहे. तिच्या लेकीला काय सांगायचं याची वाक्यं माझ्या डोक्यात तयार होऊ लागली होती. याची मला अजून लाज वाटते.

किती वेळ गेला माहीत नाही. एक लांब, घरघरणारा श्वास आत गेला. मग दुसरा. तिने रुमालात थुंकलं, डोळे पुसले आणि माझा हात सोडला. बऱ्याच वेळाने भरल्या आवाजात म्हणाली, "तिखट जरा कमीच आहे या वेळी."

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी राहिले आणि आठ वाजेपर्यंत तिचा ताप तीनदा बघितला. फुफ्फुसात गेलं असेल तर ताप येतो हे मला सांगितलेलं होतं. ताप आला नाही. लेकीशी ती फोनवर बोलली, चारही जेवणांचं वर्णन केलं, आणि "मावशीने खूप सांभाळलं" असं म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळली.

सोमवारी तपासणीला मी काचेच्या अलीकडे थेरपिस्टजवळ बसले. आत तिला पांढरं औषध कालवलेलं अन्न चमच्याचमच्याने देत होते आणि पडद्यावर तिचा गळा दिसत होता. मला राहवलं नाही. मी थेरपिस्टला सगळं सांगितलं, रस्सा, ठसका, थापट्या, वर बघ.

तिने पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "ठसका लागला काल? खोकल्या त्या?"

"खूप."

"मग ते बरंच झालं म्हणायचं. इथे बघा."

पडद्यावर एक घास खाली उतरला. त्याच्या मागून एक बारीक पांढरी रेघ हळूच चुकीच्या बाजूला घसरली. आतल्या खोलीत माझी मैत्रीण शांत बसली होती, हनुवटी छातीशी, मान डावीकडे. खोकली नाही, खाकरली ती फक्त नियम म्हणून. तिने 'आ' म्हटलं आणि आवाज कोरडा होता.

"त्यांना कळतच नाहीये," ती मुलगी म्हणाली. "दर तीन-चार घासांना थोडं जातंय. आवाज न करता. बहुतेक आधीपासूनच."

मला शिरा आठवला. श्रीखंड, सूप, घोटून एकजीव केलेला भात. ठसका लागला नाही म्हणून सोडलेले ते सगळे श्वास आठवले. दोन दिवस मी कान टवकारून बसले होते आणि ज्याची भीती होती ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच हातच्या मऊ घासांबरोबर आत उतरत होतं. ती भीती मला तेव्हा वाटायला हवी होती. ती आता वाटते, मागे जाऊन, एकेका चमच्याची वेगळी.

गुरुवारी तिच्या पोटात नळी बसवली. तीन महिने तोंडाने काही नाही, नुसते व्यायाम, मग पुन्हा तपासणी. लेकीला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं.

आता मी आठवड्यातून चार दिवस वारज्याला तिच्याकडे जाते. सुरुवातीला माझा डबा मी तिच्या स्वयंपाकघरात उभ्याने खायचे, दार लोटून. तिला पिशवीतून ते पांढरं अन्न थेंबथेंब चालू असायचं तेवढ्या वेळात. परवा बाहेरून तिचा आवाज आला, "चोरासारखी काय जेवतेस? बाहेर ये. सव्वीस वर्षं समोर बसून जेवलीस."

मी डबा घेऊन बाहेर आले. ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी होती. घास घशाखाली उतरेना. ती माझ्या गळ्याकडे बघत होती, अगदी निरखून, आणि तसं कुणी बघत असताना गिळणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"तोंड बघ ना तुझं. बोल की, पडलंय ना?"

तोंडात भाकरी होती. मी हो म्हणायला गेले आणि कोरडा तुकडा वाटेतच अडकला. ठसका लागला. डोळ्यांना धारा लागल्या. ती नळी सांभाळत खुर्चीतून पुढे वाकली आणि तिचा हात माझ्या डोक्यावर पडला, एक, दोन, तीन थापट्या.

"वर बघ," ती म्हणाली. "वर बघ."

मी वर बघितलं. छताचा पंखा फिरत होता. ठसका केव्हाच थांबला, पण मी मान खाली घेतली नाही, कारण तिचा हात अजून माझ्या डोक्यावर होता.